कोळशावाल्याच्या हाती हिरवा नकाशा: ‘इलेक्ट्रिसिटी मॅप्स’ सव्वा वर्ष वापरल्यावर

माझी ३१ वर्षं औष्णिक वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. समोरच्या पॅनेलवर शंभर गोष्टी हलत असायच्या. ड्रम लेव्हल, फर्नेस ड्राफ्ट, मिलचे (कोळसा दळणाऱ्या चक्कीचे) अँपिअर, काय काय. पण पाळीवर आल्या आल्या नजर जायची ती फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे ग्रिडच्या (वीजजाळ्याच्या) विजेची सेकंदाला किती आवर्तनं होतात त्यावर; ती ५० हवीत. ५० च्या खाली घसरायला लागली की मागणी चढतेय, आता लोड डिस्पॅचचा (कुणी किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या केंद्राचा) फोन येणार, ‘लोड वाढवा’. ५० च्या वर गेली की उलटा फोन. निवृत्त झालो तेव्हा हात रिकामे झाले, डोळ्यांची सवय मात्र गेली नाही. घरात दिवा जरा मिणमिणला तरी मी मनातल्या मनात कुठलं युनिट, म्हणजे कुठला जनित्रसंच, ट्रिप झालं असेल याचा हिशोब करायचो.

भाच्याने ते बरोबर ओळखलं. मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्याने माझ्या फोनवर एक अ‍ॅप टाकून दिलं आणि म्हणाला, ‘मामा, हे घ्या, आता अख्ख्या जगाची पाळी करा.’ ते ‘इलेक्ट्रिसिटी मॅप्स’. तेव्हापासून रोज वापरतोय, म्हणजे चांगलं सव्वा वर्ष झालं. चार ओळींचं ‘मस्त अ‍ॅप’ लिहून मोकळं होण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनची ही कंपनी. ऑलिव्हिए कोराडी नावाच्या गृहस्थाने २०१६ मध्ये हा नकाशा सुरू केला. संगणकावर ब्राउझरमध्ये चालतो, फोनवर अ‍ॅप आहे, आणि नुसतं बघणाऱ्याला पैसे पडत नाहीत. उघडला की जगाचा नकाशा दिसतो, देशोदेशीच्या ग्रिडनुसार तुकडे पाडलेला. प्रत्येक तुकड्याचा रंग म्हणजे तिथे या घटकेला वापरल्या जाणाऱ्या विजेचा कार्बन: विजेच्या एका युनिटमागे किती ग्रॅम. हिरवा म्हणजे स्वच्छ, मग पिवळट, मग तपकिरी, आणि पार काळपट म्हणजे आमच्यासारख्यांचं राज्य. एखाद्या तुकड्यावर बोट ठेवलं की बाजूला पट्ट्या उघडतात: कोळसा किती, गॅस किती, अणू, पाणी, वारा, सूर्य किती, आणि शेजाऱ्याकडून किती आली. तुकड्या-तुकड्यांमध्ये बाण सरकत असतात, ती सीमेपलीकडे जाणारी वीज. खाली वेळेची पट्टी आहे, ती बोटाने मागे ओढायची.

ही वेळेची पट्टी म्हणजे या अ‍ॅपचा जीव. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल. पहिल्या आठवड्यात मी नुसता रंग बघत होतो आणि मला वाटलं, ठीक आहे, शोभेची वस्तू आहे. पट्टी मागेपुढे ओढायला लागलो आणि रात्रीचा एक वाजला.

आकड्याचं गणित समजून घेतलं पाहिजे, नाहीतर रंग फसवतो. इथे नुसता धुरांड्यातून निघणारा धूर मोजलेला नाही. खाणीतून कोळसा काढण्यापासून पवनचक्कीचं पोलाद वितळवण्यापर्यंत सगळं धरलेलं असतं. अशा हिशोबाचे आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २०१४ च्या अहवालातले मधले आकडे असे: कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, मोठे सौरप्रकल्प ४८, जलविद्युत २४, अणू १२, जमिनीवरचा वारा ११. म्हणून नकाशावर कुणीच शून्य दिसत नाही, आणि ते बरोबर आहे. ८२० वाचून मी जरा हसलो. आमच्या जुन्या युनिटला एका युनिट विजेला पाऊण किलोच्या आसपास कोळसा जायचा, तोही निम्मा राखेचा. ८२० म्हणजे आमच्यावर मेहेरबानीच.

आता खरा अनुभव. मी अ‍ॅप घेतल्यावर तीन-चार महिन्यांतच ब्रिटनची ती तारीख आली. ३० सप्टेंबर २०२४. नॉटिंगहॅमशायरमधलं रॅटक्लिफ-ऑन-सोर, ५०० मेगावॉटची चार युनिटं, कूलिंग टॉवर आठ, १९६० च्या दशकातलं केंद्र. ब्रिटनमधलं कोळशावरचं हे शेवटचं. १८८२ मध्ये लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टवर एडिसनच्या माणसांनी कोळशावर सार्वजनिक वीज सुरू केली होती, तिथून मोजलं तर १४२ वर्षं. मी त्या रात्री ब्रिटनचा तुकडा उघडून बसलो. कोळशाची पट्टी तशीही दोऱ्याएवढीच उरली होती. मधूनमधून पडदा ताजा होई आणि दोरा आणखी बारीक दिसे. दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर पट्टीच्या जागी काही नाही.

बायकोने विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, ओळखीचं होतं. (युनिट बंद करताना ब्रेकर उघडतो, टर्बाइन कोस्टिंगला येते आणि तो ३००० आरपीएमचा आवाज हळूहळू खाली उतरतो. नेहमीच्या शटडाउनला सुद्धा त्या वेळी कंट्रोल रूममध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही. शेवटच्या वेळी काय झालं असेल ते तिथली माणसंच जाणोत.)

इथेच अ‍ॅपची पहिली मर्यादा लक्षात आली. ब्रिटनची गंमत ही की २०१२ मध्ये तिथे विजेच्या शंभर युनिटांतली जवळपास ४० कोळशाची होती. १२ वर्षांत शून्य! २०१३ पासून सरकारने कार्बनला किमान किंमत लावली, कोळसा महाग पडायला लागला, समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या, मागणीही थोडी उतरली. एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेत एवढ्या झटपट असं कुणी केलेलं नाही. पण नकाशावर ब्रिटन म्हणजे एक मध्यम रंगाचा तुकडा. वारा असेल तर बरा, नसेल तर गॅसमुळे मळका. शेजारचा फ्रान्स मात्र बाराही महिने हिरवागार.

फ्रान्सने काय केलं? १९७३ चा तेलाचा झटका बसला, १९७४ मध्ये पंतप्रधान मेस्मेर यांनी अणुभट्ट्यांचा धडाका लावला, आणि पुढच्या १५-२० वर्षांत जवळजवळ सगळा ताफा उभा राहिला. तेव्हा हवामानबदल हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. आपल्याकडे तेल नाही एवढीच चिंता. आज शंभरातली ६५-७० युनिटं तिथून येतात आणि नकाशा त्यांना शाबासकी देतो. नॉर्वेची गोष्ट त्याहून सोपी. डोंगर, पाऊस, खोल दऱ्या. जवळपास सगळी वीज पाण्याची, आणि बाहेर विकायला तेल आणि गॅस वेगळा. त्याला मी आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतो. भाच्याला ते पटत नाही.

तर तक्रार ही: रंग सांगतो तुम्ही आज कुठे उभे आहात, कुठून चालत आलात ते नाही. वाडवडिलांची बागायत असलेला आणि खडकाळ रानात विहीर खणणारा, दोघांना एकाच फुटपट्टीने मोजलंय. अ‍ॅपमध्ये महिन्यांची आणि वर्षांची पट्टी आहे, नाही असं नाही. पण नकाशाचा जन्मच २०१६ चा. ब्रिटनची उडी त्याआधीच सुरू झाली होती. त्यामुळे लांबचा पल्ला बघायचा असेल तेव्हा मी ‘एम्बर’ या ब्रिटिश संस्थेची आकडेवारी उघडतो, तीही फुकट आहे. तिथे वर्षावार वाटा दिसतो. २०२४ मध्ये जगाच्या विजेपैकी ४०.९ टक्के वीज कोळसा, गॅस आणि तेलाशिवाय झाली. १९४० च्या दशकानंतर हा वाटा पहिल्यांदाच ४० च्या वर गेला. त्यात सौर ६.९ आणि वारा ८.१. पुढे २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत पाणी, वारा, सूर्य वगैरे मिळून कोळशाच्या पुढे गेले. हे नकाशा बघून कळत नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायचे, एक हजेरीपुस्तक आणि एक जन्मपत्रिका.

अमेरिकेच्या तुकड्यांवर फार वेळ घालवणार नव्हतो, पण दोन गोष्टी सांगतोच. एक, तिथे २००५ च्या सुमारास निम्मी वीज कोळशाची होती, आता साधारण सहावा हिस्सा. कुणीही खूश होईल. पण ती जागा मुख्यतः गॅसने घेतली. शंभरातली ४० हून जास्त युनिटं आज गॅसची आहेत. ८२० वरून ४९० वर आलात, चांगलं झालं, पण ४९० ला स्वच्छ म्हणत नाहीत. शिवाय विहिरीपासून पाइपलाइनपर्यंत मिथेन किती गळतो त्यावर तो ४९० चा आकडा हलतो. धोरणाचं तर विचारूच नका, २०२२ मध्ये मोठा कायदा करून सवलती दिल्या, २०२५ मध्ये दुसरा कायदा करून त्यातल्या बऱ्याच काढल्या. प्रकल्पवाल्याने कर्ज कुठल्या कायद्यावर काढायचं?

दुसरी गोष्ट कॅलिफोर्निया. हा तुकडा मी संध्याकाळचा बघतो, म्हणजे तिथली संध्याकाळ. दुपारभर सौरची पिवळी पट्टी फुगलेली असते, शेजारच्या राज्यांकडे बाण निघालेले असतात. सूर्य कलला की ती पिवळी पट्टी अशी खाली येते की माझ्या पोटात अजून गोळा येतो. तास-दोन तासांत हजारो मेगावॉट नाहीसे! माझ्या २१० मेगावॉटच्या युनिटला मिनिटाला दोन-चार मेगावॉट चढवायला सांगितले तरी बॉयलरवाला शिव्या द्यायचा. तिथे ही दरी पूर्वी गॅसवाले भरून काढायचे. आता त्यातला मोठा भाग बॅटरी भरून काढते. १६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी काही मिनिटं अशी आली की त्या ग्रिडवर सगळ्यात मोठा पुरवठादार बॅटरी होती, ६ हजार मेगावॉटच्या वर. ती तारीख माझ्या अ‍ॅप घेण्याच्या आधीची, म्हणून बातम्यांत वाचलेली. पण नंतर कित्येक संध्याकाळी मी स्वतः पाहिलं: पिवळं उतरतं, त्याच्या कडेने बॅटरीची पट्टी चढते. सव्वा वर्षात या अ‍ॅपमध्ये बघितलेली सगळ्यात सुंदर गोष्ट कुठली असं विचारलं तर हीच सांगेन. सुंदर हा शब्द ग्रिडसाठी मी पहिल्यांदाच वापरतोय.

उलटं चित्र जर्मनीत. तिथे निम्म्याहून जास्त वीज आता सूर्य, वारा, पाणी आणि जैवइंधनाची. अणुभट्ट्या त्यांनी १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या, शेवटच्या तीन. कोळसा अजून पाचव्या हिश्श्याच्या आसपास, त्यात लिग्नाइट, म्हणजे ओला, हलका, सगळ्यात घाणेरडा. जर्मन लोकांकडे एक शब्द आहे, ‘डुंकेलफ्लाउटे’. काळोख आणि वारा पडलेला, दोन्ही एकदम. डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात तो आला. मी १२ तारखेला पट्टी ओढून पाहिली. वाऱ्याची पट्टी चिरमुटलेली, सौर तर हिवाळ्यात नावालाच, गॅस आणि कोळसा तुडुंब, आणि बाण बहुतेक आतल्या दिशेने. त्या संध्याकाळी बाजारात मेगावॉट-तासाला ९३६ युरो भाव लागला. स्वीडन आणि नॉर्वेचे मंत्री जर्मनीवर चिडले, कारण तारा जोडलेल्या, भाव त्यांच्याकडेही चढला. दोन आठवड्यांनी नाताळच्या सुमारास वारा सुटला आणि तोच तुकडा पुन्हा हिरवट. एकाच महिन्यात एकाच ग्रिडचे दोन चेहरे. ज्याला ‘सौर-पवनवर देश चालतो का’ असा वाद घालायचा असेल त्याने आधी हे दोन दिवस शेजारी ठेवून बघावेत. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचा दिवस मिळेल.

बाणांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. वारा सुटला की डेन्मार्क आणि ब्रिटनकडून नॉर्वेकडे बाण वळतात, वारा पडला की नॉर्वेकडून इकडे. ब्रिटन-नॉर्वे केबल समुद्राखालून ७२० किलोमीटर, १४०० मेगावॉट, २०२१ पासून. नॉर्वे दुसऱ्याचा वारा घेतो आणि आपलं पाणी धरणात ठेवतो. नागोबा म्हटलं खरं, पण शेजारधर्म पाळतो. आणि जपानचा तुकडा उघडलात तर टोकियो आणि नागोया यांच्यामधला बाण बघा. केवढी मोठी अर्थव्यवस्था, पण पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. एकोणिसाव्या शतकात टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, ते भांडण अजून मिटलेलं नाही. दोन्हींच्या मध्ये फ्रिक्वेन्सी बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, तेही २१०० मेगावॉटचे. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला वीज तुटली तेव्हा पश्चिमेकडे असलेली वीज पाठवता येईना, कारण हा दरवाजा तेव्हा याच्याहूनही अरुंद होता. हे असलं वाचताना मला फार मजा येते, इतरांना येईलच असं नाही.

आता चीन. इथे अ‍ॅपला दोष देता येत नाही, पण वापरणाऱ्याने जपून राहावं. चीन तासागणिक उत्पादनाचे आकडे जगाला उघड करत नाही, तेव्हा नकाशाला अंदाजावर भिस्त ठेवावी लागते. अंदाज असेल तिथे अ‍ॅप तशी पाटी लावतं, हे प्रामाणिकपणाचं. मात्र लोक रंग बघतात, पाटी बघत नाहीत. चीनचा रंग मळका, निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाची. आणि याच चीनने २०२४ मध्ये एका वर्षात सुमारे २७७ गिगावॉट सौर आणि ८० गिगावॉट पवन उभं केलं. नियम बदलायच्या आधीची घाई म्हणून मे २०२५ या एका महिन्यात ९३ गिगावॉट सौर! २०३० साठी ठरवलेलं १२०० गिगावॉटचं उद्दिष्ट २०२४ च्या मध्यावर गाठलं. शिनजियांगमधून अनहुईपर्यंत ११०० किलोव्होल्टची डीसी लाइन टाकली, ३ हजार किलोमीटरच्या वर. आमच्या काळी ४०० केव्ही म्हणजे कौतुक होतं. पण त्याच २०२४ मध्ये ९५ गिगावॉटच्या आसपास नव्या कोळसा केंद्रांची बांधकामंही सुरू केली. याला ढोंग म्हणायचं का? मी म्हणणार नाही. सूर्य मावळल्यावर लागेल म्हणून बाहेर एक युनिट तयार ठेवणं ही ग्रिडवाल्याची जुनी भीती आहे, मी ती ३१ वर्षं पोटात बाळगली. फक्त एकदा बांधलेलं केंद्र स्वस्थ बसत नाही, ते चालवायला माणसं आणि कर्जाचे हप्ते मागे लागतात, हेही मला माहीत आहे.

भारताचे पाच विभाग दिसतात. बहुतेक वेळ तपकिरी. दक्षिण दुपारी बऱ्यापैकी उजळते. इथेही ‘अंदाजित’ ही पाटी डोळ्यांसमोर ठेवावी. मी पडताळा म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा आकडा घेतो, युनिटमागे ०.७ किलोच्या थोडा वर, पण तो नुसत्या धुराचा. बातमीत येतं की जून २०२५ मध्ये भारताची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, गॅस, तेल सोडून) झाली, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी. खरं आहे. मग नकाशा तपकिरी का? भाच्याने हाच प्रश्न विचारला आणि मला शिकवायची संधी मिळाली. क्षमता म्हणजे नावाच्या पाटीवरचे मेगावॉट. माझं युनिट २४ तासांत १८-२० तासांएवढं काम देऊ शकायचं, सौर पॅनेल पाच-सहा तासांएवढं देतं. पाटी निम्मी-निम्मी, पण मीटरवर चारातली तीन युनिटं अजून कोळशाचीच. सरकारी भाषणातला आकडा आणि या नकाशाचा रंग, दोघेही खोटं बोलत नाहीत. ही गाठ माझ्या हातून सुटली ती या अ‍ॅपमुळे. कोळशाच्या पट्टीवर बोट ठेवलं की क्षमता किती आणि प्रत्यक्ष निघते किती, दोन्ही समोर येतं.

एक तांत्रिक कुरकूर, ती जरा महत्त्वाची. ‘हिरवं असेल तेव्हा वॉशिंग मशीन लावा’ हा सल्ला या नकाशाच्या जोरावर सर्रास दिला जातो. हा आकडा सरासरीचा आहे. तुम्ही बटण दाबलंत की त्या क्षणी जास्तीचा भार कोण उचलतं? अणुभट्टी सहसा नाही, ती बहुधा पूर्ण भाराने चालूच असते. सूर्यही नाही, तो आहे तेवढाच. उचलतं ते बहुतेक वेळा कुठलंतरी गॅसचं किंवा कोळशाचं युनिट, जिथे माझ्यासारखा कुणीतरी इंधन वाढवतो. सरासरी ३०० असली तरी तुमच्या त्या बादलीभर कपड्यांसाठी युनिटमागे ८०० ग्रॅम असू शकतं. सौर वीज वाया जात असेल, बंद करून ठेवायची वेळ आली असेल, तेव्हा मात्र सल्ला शंभर टक्के खरा. नकाशाकडून हा फरक एका आकड्यात मिळत नाही. मिळवणं सोपंही नाही, हे मान्य.

आणि फ्रिक्वेन्सी नाही! एवढं सगळं दाखवता आणि ग्रिडची नाडीच नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज दुपारी साडेबाराच्या सुमारास गेली; पाच सेकंदांत १५ गिगावॉट नाहीसे, दोन देश अंधारात. त्याआधीच्या सकाळी त्या तुकड्यांचा रंग छान होता. चौकशीत निघालं की व्होल्टेज चढत गेलं आणि एकामागून एक प्रकल्प सुटत गेले, व्होल्टेज धरून ठेवणारी पुरेशी सामग्री त्या वेळी कामाला नव्हती. स्वच्छ आणि स्थिर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही जमवता येतात. लिव्हरपूलमध्ये लिस्टर ड्राइव्हला जुन्या कोळसा केंद्राच्या जागेवर आता फ्लायव्हील, म्हणजे जड चाकं, फिरवत ठेवलीत. कोळसा नाही, वाफ नाही, ग्रिडला आधार द्यायला नुसतं वजन फिरतंय. ते वाचून मला आमच्या जनित्राचा जड, फिरता रोटर आठवला. रंगाच्या नकाशात या वजनाला जागा नाही.

वापराच्या बाबतीत फार काही म्हणायचं नाही. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बघा, फोनवर माझ्या चष्म्याला पट्ट्यांचे आकडे झेपत नाहीत. देश आणि विभाग यांचे दोन वेगळे देखावे आहेत, अमेरिका आणि भारतासाठी विभागच ठेवा. विद्यार्थ्यांना, ग्रिडच्या नोकरीत नव्याने लागलेल्यांना, आणि विजेवर ठाम मतं असणाऱ्या सगळ्यांना घ्यायला सांगेन. पाचपैकी चार तारे. एक कापला तो फ्रिक्वेन्सीसाठी, आणि त्यावर मी भांडायला तयार आहे.

माझा जुना ज्युनिअर आता त्याच केंद्रात शिफ्ट इन्चार्ज आहे. हल्ली त्यांना दुपारी ५५ टक्क्यांवर उतरवून बसवतात, ज्याला आम्ही टेक्निकल मिनिमम म्हणतो, म्हणजे युनिट नीट चालेल असा कमीत कमी भार. सूर्य वर असेपर्यंत कोळशाला जागा नाही. पुढे ४० पर्यंत उतरायचं आहे. एवढ्या कमी भारावर ज्योत डगमगते, तेल मारावं लागतं, बॉयलरच्या ट्यूबची दमछाक होते, त्याचा जीव टांगणीला. संध्याकाळी मग धावाधाव, पूर्ण भार. मी साडेचारच्या सुमारास आमच्या विभागाची पिवळी पट्टी बघतो. ढग असतील त्या दिवशी ती आधीच वाकायला लागते. मग फोन लावतो, ‘सूर्य उतरतोय रे, मिल तयार ठेव.’ परवा तो म्हणाला, ‘साहेब, लोड डिस्पॅचच्या आधी तुमचाच फोन येतो.’ मी विचारलं, फ्रिक्वेन्सी किती आहे? तो म्हणाला, ४९.९६.